बिल भरलं तरी अर्धा दिवस कापणार?

हिंगणारोड: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. एक मालक लिहितात, कामाच्या वेळेत स्वतःसाठी नेट उघडलं की अर्धा दिवस कापा. मग रात्री साडेदहाला ग्रुपवर 'सकाळचं कोटेशन पाठवा' टाकता, ते आम्ही कोणाच्या नेटवर पाहतो? डेटा माझा, फोन माझा, बायकोची बोलणीही माझीच. दुपारी लाइटबिल भरलं की मात्र कामचोर!

इतवारीवाला: पोस्ट माझीच आहे. बिल भरा ना बाप्पा, कोण अडवते? बिलिंगवरचा पोरगा गिऱ्हाईक समोर असताना रील पाहून राहिला होता. गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात गेलं. ते नुकसान तुम्ही देता का?

महालकर: मग त्या पोराला झापा. सगळ्यांचा पगार काहून कापता?

परसोडी_आयटी: २०१६ ला जिओ आल्यापासून ऑफिसचं वायफाय पाहिजे कोणाला? साइट अडवणारी फायरवॉल लावून बसा. आणि लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय उघडलं त्या नोंदीत, बहुतेक वेळा साइटचं नावच दिसतं, आत काय पाहिलं ते नाही. आमच्याकडे एकीच्या नावावर चार तास यूट्यूब निघालं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झाडली तिला. ती एक्सेल शिकत होती.

इतवारीवाला: चार तास शिकली, तर काम कोणी केलं?

सिव्हिललाइन्स: खासगीत धाक तरी आहे. सरकारीत जाऊन पाहा. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा घेतला, बदल्यात पावणेदहा ते सव्वासहा बसायचं ठरलं. सासऱ्यांच्या वारसनोंदीसाठी गेलो तर साहेब मोबाईलवर मॅच पाहत होते. 'ओव्हर संपू द्या' म्हणे!

बाबू_नाही_कर्मचारी: आली गाडी आमच्यावर! शनिवार डोळ्यात खुपतो सगळ्यांच्या. हिवाळी अधिवेशनात आमदारांच्या लक्षवेधी सूचनांची उत्तरं तयार करत मध्यरात्रीपर्यंत बसतो, ते नाही दिसत.

सिव्हिललाइन्स: अधिवेशन डिसेंबरात असते. माझी नोंद जूनमधली होती.

बाबू_नाही_कर्मचारी: आधी रिकाम्या जागा भरा म्हणावं. तिघांचं टेबल एकटा सांभाळतो मी.

सिव्हिललाइन्स: मॅच पण तिघांची पाहता का?

बाबू_नाही_कर्मचारी: तोंड सांभाळून बोला. तुमच्या साहेबाचा राग माझ्यावर काढू नका.

महालकर: अबे, विषय नेटचा होता ना?

इतवारीवाला: बरं, रात्री मेसेज टाकणं बंद. उपकार समजा! पण सकाळी दहाला कोटेशन टेबलावर पाहिजे, आणि काउंटरवर मोबाईल ड्रॉवरमध्ये.

हिंगणारोड: तुमचाही?

इतवारीवाला: माझ्यावर व्यापाऱ्यांचे फोन येतात.

हिंगणारोड: हो, अन् तुमच्या फोनवर रील चालतच नसतील!