विषय: मील ट्रेनसाठी बीफ कॅसरोल, कोणी करतं का?

प्रेषक: केटीकरीण
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

इथे ह्यूस्टनजवळ केटीत आमची शेजारीण बाळंत झाली आहे. मायलेक दोघंही ठणठणीत. गल्लीतल्या बायकांनी मील ट्रेनचा, म्हणजे पाळीपाळीने तिच्या घरी जेवण पोचवायचा, तक्ता फिरवला, मी उत्साहाने शुक्रवार अडवला आणि मग खाली वाचलं: आवडीच्या पदार्थांत सगळ्यात वर टेक्स-मेक्स (टेक्सस-मेक्सिकोच्या चवीचं) बीफ कॅसरोल, म्हणजे खिमा, घेवडा वगैरेचे थर लावून भट्टीत भाजलेला पदार्थ, भरपूर चीज घालून. घरात आणखी दोन मुलं आहेत, सात आणि चार वर्षांची. तिखट चालत नाही.

आमच्याकडे चिकन, मासे होतात, बीफ कधी शिजलेलं नाही. नवरा म्हणतो, बाहेरून मागव. पण बाकी सगळ्या जणी घरचं करून देतायत, तिथे मी एकटीने हॉटेलचा डबा पाठवायचा हे पटत नाही. दुसऱ्यासाठी रांधायला माझी ना नाही. काय आणायचं, कसं शिजवायचं आणि वरचं चीज रबर कसं होऊ द्यायचं नाही, एवढं सांगा. गुरुवारी रात्रीच करून ठेवता आलं तर बरं. शुक्रवारी मी साडेसहाला घरी पोचते.

———

प्रेषक: शुगरलँडची काकू
मंगळवार, रात्री १०.१५

अगं, ओल्या बाळंतिणीला चीज आणि घेवडा? आपल्यात दहा दिवस शेपू, मेथी आणि मऊभात. पण त्यांचं त्यांना माहीत. बरोबर थोडे डिंकाचे लाडू दे, नाही म्हणणार नाही ती. आणि खिम्यात दोन चमचे कांदा-लसूण मसाला घाल बिनधास्त, बोटं चाटत बसतील.

———

प्रेषक: वसईकरीण, पेअरलँड
बुधवार, सकाळी ६.५०

केटीकरीण ताई,

मी करते, महिन्यातून एकदा तरी. माझं माहेर वसईचं, ख्रिस्ती घर, लहानपणी रविवारी बीफ ठरलेलं. २०१५ च्या कायद्याने तिकडे बैलही बंद झाला, आता मिळतं ते म्हशीचं. ते चिवट आणि कोरडं, निवांत शिजवावं लागतं. इकडचा खिमा बरोबर उलटा: तेल घालायचं सोडा, सुटलेली चरबी काढून टाकावी लागते.

दुकानात पाकिटावर ८०/२०, ८५/१५, ९३/७ असे आकडे दिसतील. पहिला मांसाचा, दुसरा चरबीचा. कॅसरोलला ८५/१५ किंवा ९०/१० घे. ८०/२० बर्गरला छान, इथे ट्रेच्या कडेने तवंग साचतो. ९ बाय १३ इंचांच्या ट्रेला दीड पौंड पुष्कळ झाला.

पसरट कढई चांगली तापव, खिमा पसर आणि दोन-तीन मिनिटं त्याला हात लावू नकोस. आपला हात सारखा परतायला जातो, तो आवर. सारखं ढवळलं की पाणी सुटतं, खिमा करडा होतो आणि भाजायच्या ऐवजी उकडतो. खालून नीट तपकिरी झाला की उलथन्याने फोडायचा. गुलाबी कुठे दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर खिम्याला १६० फॅरेनहाइट हा आकडा. मग चरबी रिकाम्या डब्यात निथळून काढ. सिंकमध्ये ओतू नकोस, पाइपात थिजून बसते आणि प्लंबर बोलवावा लागतो.

चमचाभर चरबी राहू दे. तीत एक मोठा कांदा बारीक चिरून, तीन-चार लसूण पाकळ्या, मग दोन टेबलस्पून चिली पावडर, दोन टीस्पून जिरेपूड, एक टीस्पून ओरेगॅनो, मीठ. मसाला मिनिटभर परतून वास सुटला की रोटेलचा (टोमॅटो आणि हिरवी मिरची) १० औंसांचा डबा, पोरांसाठी माइल्ड लिहिलेला, आणि ब्लॅक बीन्सचा १५ औंसांचा डबा धुऊन निथळून. आता पाणी आटव. उलथन्याने मध्ये रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे. इथे घाई केलीस तर तळाचा थर पचपचीत होणार, मग वर कितीही चीज घाल.

टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) मक्याच्याच, बारा. मैद्याच्या सॉसमध्ये भिजून खळ होतात. प्रत्येक टॉर्टिया जरा तेलात दोन्ही बाजूंनी पाच-सात सेकंद बुडवून कागदावर काढ. तेलाचा पातळ थर असला की सॉस लगेच आत शिरत नाही. बारा टॉर्टिया तळायचा कंटाळा येतो, मान्य, पण ही एक पायरी गाळू नकोस.

ट्रेच्या तळाला लाल एनचिलाडा सॉसचा (डब्यात मिळणारा मिरचीचा मेक्सिकन सॉस) हात, त्यावर अर्ध्या कापलेल्या टॉर्टिया, निम्मा खिमा, थोडा सॉस, मूठभर चीज. परत तेच. शेवटी टॉर्टिया, उरलेला सॉस आणि उरलेलं सगळं चीज. एकूण चीज १२ औंस, सॉस १० औंसांचे दोन डबे. लगेच भाजायचं तर भट्टीत ३५० फॅरेनहाइटवर फॉइलखाली २५ मिनिटं, मग उघडं १० मिनिटं. काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर वड्या न पडता घसरगुंडी होते.

तुला मात्र मी सांगते, भाजून देऊच नकोस. गुरुवारी खिमा पूर्ण गार झाल्यावर थर लाव आणि झाकून फ्रिजमध्ये ठेव. ट्रे पातळ ॲल्युमिनियमचा, टाकाऊ घे, बाळाच्या घरात कोणाला भांडी परत करायची आठवण ठेवायला लावू नये. फॉइलच्या आतल्या बाजूला तेलाचा हात फिरव, चीज चिकटत नाही. वर मार्करने लिही: ३५०, झाकून ४५ मिनिटं, उघडून १०, मध्यभागी १६५ यायला हवं. हे ट्रे उचलताना मधोमध वाकतात, म्हणून खाली बेकिंग शीट धरायला सांग.

आणि दार उघडलं नाही तर पायरीवर ठेवून निघून जाऊ नकोस. हवा ९० फॅरेनहाइटच्या वर असली की शिजवलेलं अन्न बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये असं इथलं कृषी खातंच सांगतं, एरवी दोन तास. ह्यूस्टनमध्ये ९० म्हणजे वर्षातले किती महिने, ते तुला माहीतच आहे. दारात कूलर ठेवलेला असेल तर त्यात बर्फाची पिशवी टाकून ठेव.

———

प्रेषक: एक जुने सभासद
बुधवार, सकाळी ८.०५

मंडळाच्या मेलवर आता गोमांसाच्या पाककृती? प्रत्येकाने आपापल्या घरी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ही चर्चा वैयक्तिक मेलवर करता आली असती.

———

प्रेषक: यादीचे व्यवस्थापन
बुधवार, सकाळी ८.३०

गणपतीच्या आणि मंडळाच्या इतर जेवणांना शाकाहाराचा नियम आहे, तो राहील. यादीला तसा नियम कधी नव्हता. विषयात बीफ स्पष्ट लिहिलेलं आहे, ज्यांना नको त्यांनी हा धागा म्यूट करावा. यावर पुढची पत्रं फक्त व्यवस्थापनाला पाठवा, इथे नको.

———

प्रेषक: सॅन अँटोनियोचे काका
बुधवार, दुपारी १२.२०

वसईकरणीने सगळं सांगितलंय, मी फक्त मसाला आणि चीज.

काकूंची माफी मागून सांगतो, कांदा-लसूण मसाला नको. खोबरं, लवंग, दालचिनी आली की तो आपला खिमा-पाव झाला. चांगला होईल, पण त्या बाईने मागितलाय तो पदार्थ नाही होणार. दुसरं, चिली पावडरच्या जागी आपलं लाल तिखट मोजून घालू नका. इथल्या बाटलीत नुसती मिरची नसते, सौम्य वाळक्या मिरचीबरोबर जिरं, ओरेगॅनो, लसूण दळलेलं असतं. तिखटाचे दोन टेबलस्पून पडले तर चार वर्षांचं पोर रात्रभर रडेल. घरात बाटली नसेल तर एक टेबलस्पून ब्याडगी आणि जिरं जरा वाढवा.

ही पावडर इथलीच. आमच्या उत्तरेला न्यू ब्राउनफेल्स नावाचं जर्मन वस्तीचं गाव आहे, तिथे विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात ती बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. तोवर मिरची ताजी मिळायची तेव्हाच चिली (मिरची घातलेला मांसाचा दाट रस्सा) व्हायची. रोटेलसुद्धा टेक्ससचंच: पार दक्षिणेला, रिओ ग्रांदच्या खोऱ्यातल्या एल्सा गावी १९४३ मध्ये कार्ल रोएटेलेने टोमॅटो आणि हिरवी मिरची एका डब्यात घातली. त्यामुळे डबे वापरताना ओशाळू नका. या स्वयंपाकाची चवच डब्यांच्या हिशोबाने बसलेली आहे. ताजे टोमॅटो चिरून घातलेत तर पाणी जास्त सुटेल आणि हाती काही लागणार नाही.

जिरं एवढं का, हे मलाही आल्या आल्या नवल वाटलं होतं. मेक्सिकोत आत गेलात तर जिऱ्याचा हात बराच आखडता असतो. भरपूर जिरं, गोमांस आणि पिवळं चीज एकत्र दिसलं की टेक्ससचं समजा. चिली ही १९७७ पासून राज्याची अधिकृत डिश आहे, आणि तीत घेवडा घातलात तर इथले जुने लोक भांडायला उठतात. कॅसरोलला घेवडा चालतो, ते कोणी मनावर घेत नाही.

चीज पिशवीतलं किसलेलं आणू नका. ते एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचं स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, त्यामुळे नीट वितळत नाही, खरखरीत राहतं. चेडर आणि माँटेरे जॅकचे ठोकळे आणा, निम्मं निम्मं, घरी किसा. चेडरने चव येते, जॅक मऊ वितळतं. रबर होतं ते उघडं फार वेळ भाजल्याने: चरबी सुटून वर येते आणि खाली नुसतं प्रथिन आवळून बसतं. म्हणून ते झाकण.

———

प्रेषक: ऑस्टिनची शाकाहारी
बुधवार, संध्याकाळी ५.४५

म्यूट केलं नाही, वाचलं सगळं. टॉर्टिया तळतेच आहेस तर स्वतःच्या घरासाठी एक छोटा ट्रे बीन्स आणि रताळ्याचा लाव, तोच मसाला, तोच सॉस. रताळं आधी भाजून घे, कच्चं घातलं तर शिजत नाही. रिफ्राइड बीन्स (शिजवून घोटलेला घेवडा) घेणार असशील तर डबा उलटून वाच, पुष्कळांत डुकराची चरबी असते. एनचिलाडा सॉसमध्येही कधी कधी कोंबडीचा अर्क असतो. आणि मक्याच्या टॉर्टिया घरच्या मक्याच्या पिठाच्या करायला जाऊ नकोस. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात उकळून मग दळलेला असतो, त्यानेच तो वास येतो आणि टॉर्टिया दुमडली तरी तुटत नाही. आपल्या पिठाच्या भाकरीचे सॉसमध्ये तुकडे पडतील.

———

प्रेषक: केटीकरीण
बुधवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. सामान आणलं: ९०/१०, रोटेल माइल्ड, चीजचे दोन ठोकळे, दोन टाकाऊ ट्रे. काकू, लाडूही देणार आहे, पण बदाम बाधत नाहीत ना, ते तिला आधी विचारलंय. नवऱ्याने बीन्सच्या ट्रेला होकार दिला आहे, रताळ्याला नाही.

एकच राहिलं. तिने तक्त्यात सावर क्रीमही लिहिलंय. ते चीजच्या वर घालून भाजायचं का?

———

प्रेषक: वसईकरीण, पेअरलँड
बुधवार, रात्री ९.२५

नाही, वेगळ्या डब्यात दे, खाताना घेतील. भट्टीत गेलं की फुटतं. बरोबर एखादं लिंबू आणि चिरलेली कोथिंबीर पिशवीत घाल.