मुलीचा पहिला व्यवसाय: भांडवल द्यावे का, आणि कोणत्या अटीवर?

प्रश्न (अनुजा_क)

माझी सोळा वर्षांची मुलगी गेल्या काही महिन्यांपासून हाताने शिवलेल्या वह्या तयार करून विकते. कागद कापणे, घड्या घालून जुजा (घडी घातलेल्या कागदांचे छोटे गठ्ठे) शिवणे, पुठ्ठ्यावर कापड चढवणे ही सगळी कामे ती एकटीच करते. पहिली खेप नातेवाईक आणि मैत्रिणींनी हातोहात घेतली. त्यानंतर मागणी मंदावली आहे. नफा होत असल्याचे ती सांगते, परंतु बरेचसे सामान आम्ही आणून दिलेले असून तिच्या वेळेचा हिशेब कुठेही धरलेला नाही. आता तिला कागद कापण्याचे यंत्र हवे आहे आणि त्यासाठी ती पैसे मागते आहे. तिचे वडील द्यायला तयार आहेत, माझे मन मात्र होत नाही. तिचा उत्साह न मोडता खरा हिशेब तिच्यासमोर कसा मांडावा?

उत्तर (वहीखाते)

मी लेखापालाचे काम करतो, त्यामुळे आधी आकडे. एका वहीची विक्रीकिंमत १०० धरली आणि त्यात कागद, पुठ्ठा, कापड व धाग्याचे ४५, वेष्टन व पोहोचवण्याचे १५ गेले, तर हाती ४० उरतात. एका वहीला दोन तास लागत असतील, तर तिला तासाला २० मिळाले. हेच आकडे तिच्या खऱ्या खर्चाने आणि खऱ्या वेळेने भरून तिला स्वतःला काढू द्या. तुम्ही आणलेले सामानही बाजारभावाने खर्चात धरायला सांगा, कारण घरातून फुकट आलेला कागद हिशेबात शून्य दिसतो आणि त्या शून्यामुळे तोट्यातला व्यवसायही नफ्यात भासतो.

प्रसिद्ध अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी १९४४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आपले पहिले प्राप्तिकर विवरणपत्र भरताना वर्तमानपत्रे टाकण्यासाठी वापरलेली सायकल खर्च म्हणून दाखवली होती. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला तिच्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की व्यवसायाला लागणारी वस्तू व्यवसायाच्या वहीतच नोंदली गेली.

उत्तर (जुनी_शिलाई)

मी अनेक वर्षे वह्या-पुस्तकांच्या बांधणीचे काम करत आले आहे, म्हणून यंत्राविषयी बोलते. हाताने शिवलेल्या वहीत सर्वांत जास्त वेळ शिलाईला आणि डिंक लावून दाबाखाली वाळवण्याला जातो. कापणीचा वाटा त्या मानाने लहान असतो. यंत्र आणल्याने तो लहान वाटा आणखी लहान होईल, एवढेच. त्यातही मागणी मंदावलेली असताना उत्पादनाचा वेग वाढवला, तर घरात वह्यांच्या थप्प्या उभ्या राहतील. तूर्त तिने छपाईच्या किंवा बांधणीच्या एखाद्या कारखान्यातून मजुरी देऊन कागद कापून घ्यावा. मजुरीचा खर्च दर खेपेला वहीत नोंदला जाईल आणि पुढे खरोखर मागणी वाढली, तर किती वह्यांच्या पलीकडे स्वतःचे यंत्र परवडेल हे त्याच नोंदींवरून काढता येईल.

खरी अडचण ग्राहकांची आहे. नातेवाईक वही मुलीसाठी घेतात, अनोळखी माणूस ती वहीसाठी घेतो. आणि त्या माणसाला शिवलेली वही सपाट उघडते, तिची पाने चिकटवलेल्या वहीसारखी सुटत नाहीत, हे कोणीतरी उघडून दाखवावे लागते. तिने थोड्या वह्या घेऊन चित्र काढणाऱ्या किंवा रोज हाताने लिहिणाऱ्या लोकांना भेटावे आणि ज्यांनी घेतली नाही त्यांना कारण विचारावे. किंमत, आकार की कागदाची जाडी, यांपैकी कशावर घोडे अडते आहे ते कळल्याखेरीज पुढची खेप शिवायला बसू नये. दुकानात ठेवायच्या असतील, तर माल आधीच विकत घेतला जाणार की विकला गेल्यावर पैसे मिळणार, हे लेखी ठरवून घ्यावे. पैसे नंतर मिळणार असतील, तर पुढच्या कागदासाठी रोकड कुठून येणार याचा विचार तिलाच करू द्या.

उत्तर (निरंजन०७)

वरील दोन्ही उत्तरे मला थोडी कठोर वाटली. आईवडिलांनी पैसे दिले म्हणजे अनुभव खोटा ठरतो असे नाही. इंगवार कांप्राद यांना अभ्यासातील यशाबद्दल वडिलांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी १९४३ साली, सतराव्या वर्षी, आयकिया ही आज फर्निचरसाठी ओळखली जाणारी कंपनी सुरू केली. मात्र सुरुवातीला ते पेन, पाकिटे, चित्रांच्या चौकटी अशा तयार वस्तू आणून विकत असत, आणि फर्निचर १९४८ मध्ये आले. म्हणजे आधी विकायला शिकणे झाले, मोठा पसारा नंतर. त्यामुळे यंत्राविषयी मीही जुनी_शिलाई यांच्याच बाजूचा आहे.

माझी सूचना अशी की पैसे द्यावेत, पण कर्ज म्हणून, एका पानावर परतफेडीची मुदत लिहून. शिवाय व्यवसाय कधी थांबवायचा हेही त्याच पानावर लिहावे. अमेरिकेत १९१९ साली सुरू झालेल्या ज्युनिअर अचिव्हमेंट या संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी छोटी कंपनी काढतात, भागभांडवल उभारतात, वस्तू विकतात आणि शेवटी कंपनी रीतसर गुंडाळून भागधारकांचा हिशेब चुकता करतात. सुरुवातीपासूनच शेवट ठरलेला असल्याने ती गुंडाळणे हे अपयश मानले जात नाही. परीक्षेच्या आधीची एखादी तारीख तुमच्या मुलीसाठी तशीच ठरवता येईल.

अनुजा_क

सर्वांचे आभार. वहीखाते यांच्या पद्धतीने काल तिने स्वतःच आकडे काढले. तासाचा दर पाहून ती गप्प झाली आणि मग किमतीपेक्षा शिलाईचा वेळ कसा कमी करता येईल यावर बोलू लागली. कर्जाचा कागद तिच्या वडिलांनाही पटला आहे. ऑनलाइन विक्रीसाठी खाते मात्र तिच्या नावाने काढता येईल का?

उत्तर (वहीखाते)

बहुतेक देशांत अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार तिच्यावर पूर्णपणे बंधनकारक नसतो, म्हणूनच विक्रीची संकेतस्थळे आणि बँका पालकाचे नाव किंवा संमती मागतात. खाते तुमच्या नावाने काढावे, पण त्यातून घरखर्चाचा एकही व्यवहार करू नये. नाहीतर तिने आत्ता वेगळा केलेला हिशेब पुन्हा घरच्या पैशांत मिसळेल. तसेच कर लागू होतो की नाही, हे तुमच्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे विक्री वाढण्याआधीच पाहून ठेवा.