नव्या अल्बमचे गाणे मैदानात ऐकताना : रॉक श्रोत्यांचे अनुभव

पुणे

रॉकच्या मोठ्या कार्यक्रमात गायकाने ‘आता नव्या अल्बममधले एक गाणे’ असे म्हटले, की मैदानात होणारा बदल मला दरवेळी जाणवतो. वर गेलेले हात खाली येतात, कुणी फोन काढते, कुणी पाण्याच्या रांगेकडे निघते. ज्या गाण्यासाठी बँडने महिनोन्‌महिने स्टुडिओत घालवले, त्याच्या वाट्याला इतके तुटपुंजे लक्ष यावे याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच हा अनुभव धागा, म्हणजे सर्वांनी आपापले अनुभव लिहायची चर्चा, काढत आहे. नवा अल्बम आपण आधी घरी ऐकलात आणि मग तीच गाणी प्रत्यक्ष ऐकलीत, तेव्हा आपले मत बदलले का, आणि बदलले असल्यास कशामुळे, एवढेच विचारायचे आहे. जुन्या आठवणी जरूर याव्यात, मात्र त्या या प्रश्नाला धरून असाव्यात, अशी विनंती.

सुरुवात मीच करतो. १७ मार्च २००७ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड भारतात प्रथमच वाजवायला आला, तो बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. आदल्या संध्याकाळी स्वारगेटहून बस धरली आणि ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ हा त्यांचा २००६चा ७२ मिनिटांचा अल्बम वाटेत तीनदा ऐकला. तरीही तो पचनी पडला नव्हता. गाणी लांबलचक, त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या, ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ तर ९ मिनिटांहून मोठे. कार्यक्रमात तेच गाणे आले. संथ सुरुवात गायक ब्रूस डिकिन्सनने अगदी संयमाने गायली, मग तिन्ही गिटार एकत्र आल्या, आणि हेडफोनवर मला कंटाळवाणी वाटलेली ती ओळ दुसऱ्या फेरीपासून माझ्या आजूबाजूचे सगळे म्हणू लागले. स्टीव्ह हॅरिस एक पाय मंचावरच्या स्पीकरवर ठेवून बेस वाजवत होता आणि माइक समोर नसतानाही प्रत्येक शब्द तोंडाने म्हणत होता. पुनरावृत्ती कशासाठी ठेवली होती हे मला तेव्हा उमगले. पहिल्या फेरीत ओळ बँडची असते, तिसऱ्या फेरीपर्यंत ती मैदानाची होते. परतीच्या बसमध्ये मी तो अल्बम पुन्हा ऐकला आणि आजही तो मला त्यांच्या उत्तम अल्बमांपैकी एक वाटतो.

गिरगाव, मुंबई

माझे वय आज ६४ आहे. मार्च १९८०मध्ये द पोलीस हा बँड धोबी तलावच्या रंगभवनात आला, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने तो कार्यक्रम ठेवला होता. त्यांचा ‘रेगाटा द ब्लांक’ हा अल्बम १९७९च्या ऑक्टोबरात निघालेला होता, पण माझ्या मित्रमंडळींपैकी एकानेही त्याची तबकडी पाहिली नव्हती. त्यामुळे आपण ज्या नव्या-जुन्याविषयी लिहिले आहे, तो भेद आमच्या लेखी नव्हताच. सगळीच गाणी नवी होती आणि प्रत्येक गाणे कान देऊनच ऐकावे लागत होते.

आमच्या घरी तबला होता, त्यामुळे माझे लक्ष ड्रमरकडे लागले. स्ट्युअर्ट कोपलंड सम चक्क मोकळी सोडत होता आणि जिथे ठोका अपेक्षित नाही तिथे तो देत होता. रेगे या जमैकाच्या संगीतात अशीच रीत आहे हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. त्या रात्री मात्र, पायाखालची पायरी कुणी काढून घ्यावी आणि तरीही आपण पडू नये, असे काहीसे वाटत होते.

जानेवारी २०२४मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात द पोलीसचा गायक स्टिंग आला, तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो. ‘मेसेज इन अ बॉटल’ हे त्याच अल्बममधले गाणे तिथे हजारो मुलांना पाठ होते. आज ज्याला जुने म्हणून डोक्यावर घेतले जाते, ते नवे असताना मी ऐकले होते, ही गोष्ट मला त्या गर्दीत उभे राहून फार मोलाची वाटली.

एक खंत इथे नोंदवतो. १९८६पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव याच रंगभवनात होत असे आणि मुंबईतले बँड तिथे स्वतःची गाणी वाजवून पाहत. आसपास रुग्णालये आणि महाविद्यालये असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातले कार्यक्रम थांबले. रुग्णांना त्रास होऊ नये हे योग्यच आहे, पण त्या जागेला तोडीस तोड जागा शहराने पुन्हा उभी केली नाही. नवे गाणे पहिल्यांदा वाजवायला ५०,००० लोकांचे मैदान उपयोगाचे नसते.

नागपूर

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचा अनुभव वाचून मला लिहावेसे वाटले, कारण माझे बरोबर उलटे झाले. ग्रीन डे हा बँड मी ऐकायला लागले तेच त्यांच्या जानेवारी २०२४मध्ये आलेल्या ‘सेव्हियर्स’ या अल्बमपासून. मार्च २०२५मध्ये महालक्ष्मीला त्यांना ऐकायला आईबरोबर रात्रभर रेल्वेने आले. ‘अमेरिकन इडियट’ या जुन्या अल्बमची गाणी सुरू झाली की सगळे मैदान उसळत होते आणि मी एकटी ‘सेव्हियर्स’ची वाट पाहत होते. त्यातली मोजकीच गाणी झाली, आणि मी उभी होते तिथे, खूप मागे उजवीकडे, शब्द एकमेकांत मिसळून येत होते. गायक बिली जो आर्मस्ट्राँगचा आवाज आधी येई आणि त्याची सावली मागून. ज्यांना गाणे पाठ आहे त्यांना याने काही फरक पडत नाही. पण नवे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तिथे काय कळणार? हे असे का होते, हे जाणकारांनी सांगावे.

कोल्हापूर

नागपूरच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या धंद्यातले आहे. लग्ने, व्याख्याने, गाण्याचे जलसे यांना साउंड सिस्टिम पुरवण्याचे काम मी बावीस वर्षे करतो. हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे मंचापासून ७० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला गायकाचा आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. मोठ्या मैदानात मध्ये आणखी स्पीकरचे मनोरे उभारतात, त्यांना डिले टॉवर म्हणतात. मंचावरचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत त्या मनोऱ्यांना मुद्दाम तेवढेच थांबवून धरावे लागते. हे गणित सगळ्या कोपऱ्यांत जुळत नाही, वारा सुटला की आणखी बिघडते, आणि मग ताई म्हणतात तशी सावली ऐकू येते. उपाय सोपा आहे. मैदानाच्या मध्यरेषेवर जिथे मिक्सरचे टेबल असते, त्याच्या थोडे पुढे उभे राहावे. ज्याच्या हातात आवाज आहे तो तिथल्या कानाने जुळवत असतो.

आता माझा अनुभव. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम सप्टेंबर २००८मध्ये आला. गाणी तगडी, पण ध्वनिमुद्रण ऐकवत नव्हते. हळू आवाज आणि मोठा आवाज यांतले अंतर दाबून टाकून सगळेच सारखे मोठे केले होते, इतके की ड्रमच्या ठोक्याची टोके छाटली जाऊन तिथे खरखर ऐकू येते. गिटार हीरो या व्हिडिओ गेमसाठी त्याच गाण्यांचे वेगळे मिश्रण दिले गेले होते आणि ते तुलनेने मोकळे निघाले, म्हणून चाहत्यांनी अल्बमच्या ध्वनीविरुद्ध जाहीर तक्रारी केल्या. त्यांची बाजू मला तेव्हाही पटली होती.

३० ऑक्टोबर २०११ रोजी मी त्यांना ऐकायला बंगळुरूला गेलो. दोनच दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम रद्द झालेला, त्यामुळे मंचावर लाइट लागेपर्यंत जिवाला घोर होता. त्या अल्बममधले गाणे सुरू झाले आणि लार्स उलरिचचा बेस ड्रम छातीवर आदळला. ठोका आला, विरला, आणि त्या विरण्याच्या जागेत गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, स्पष्ट ऐकू आला. तीन वर्षे मी ज्या गाण्यांना दोष देत होतो, त्यांचा दोष नव्हता. स्वर चांगला लागलेला होता, पट्टीही बरोबर होती, फक्त त्याला श्वास घ्यायला जागा दिली नव्हती. त्यांचा २०२३चा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम ७७ मिनिटांचा आहे, माझ्या मते त्यातली वीसेक मिनिटे सहज कमी करता आली असती, पण ध्वनी मात्र कितीतरी मोकळा आहे.

मिरज

मी प्रत्यक्ष कॉन्सर्टला कधीच जाऊ शकलो नाही, कारण घरी अंथरुणाला खिळलेले वडील होते. तरीही लिहितो.

द क्युअर या बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला, सोळा वर्षांनंतरचा त्यांचा पहिला अल्बम. त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहातला कार्यक्रम त्यांनी यूट्यूबवर सर्वांना मोफत दाखवला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. रात्री दीड वाजता, अंगणातल्या पणत्या विझल्यावर, मी वडिलांच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसलो. पूर्ण नवा अल्बम त्यांनी आधी वाजवला, क्रमाने, आणि मगच जुन्याकडे वळले. पहिल्या ‘अलोन’ या गाण्यात तीन मिनिटे उलटली तरी गायक रॉबर्ट स्मिथने तोंड उघडले नव्हते आणि सभागृहातले लोक शांत उभे होते. दुपारी अल्बम ऐकताना मी तो भाग पुढे ढकलला होता. रात्री मात्र एवढे लोक थांबलेले पाहून मीही थांबलो.

‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे स्मिथने आपल्या भावाच्या मृत्यूवर लिहिलेले गाणे आहे. ते चालू असताना वडिलांनी डोळे उघडून पाणी मागितले. मी चमच्याने पाणी दिले, ते पुन्हा झोपले, गाणे संपले. वडील फेब्रुवारीत गेले. तो अल्बम मी आता कमी ऐकतो, पण ऐकतो तेव्हा सलग ऐकतो.

लंडन

मिरजेच्या अनुभवानंतर लिहिणे सोपे नाही. मूळची मी डोंबिवलीची. ऑक्टोबर २०२४मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पिंक फ्लॉइड या बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोर याला ऐकले. त्याचा ‘लक अँड स्ट्रेंज’ सप्टेंबरात आला होता आणि कार्यक्रमाचा मोठा भाग त्याच अल्बमचा होता. पिंक फ्लॉइडची गाणी हवी असलेल्या माझ्या शेजारच्या गृहस्थांची सुरुवातीला चुळबुळ चालली होती. अल्बमच्या शीर्षकगीतात २००८मध्ये निवर्तलेल्या रिचर्ड राइटची, त्याच्या पिंक फ्लॉइडमधल्या सहकाऱ्याची, कीबोर्डवरची साथ आहे, गिलमोरच्या धान्यकोठारात २००७मध्ये सहज म्हणून मुद्रित केलेली. घरी ऐकताना मला ती जागा केवळ गोड वाटली होती.

माझे मत बदलले ते ‘बिट्वीन टू पॉइंट्स’ या गाण्याला. गिलमोरची मुलगी रोमनी हार्प घेऊन पुढे बसली आणि गायली. अल्बमवर तिचा आवाज मला थोडा कोरडा वाटला होता. इथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप साथीदार होऊन गिटारवर थांबून होता, तिची ओळ पुरी होईपर्यंत एकही स्वर न लावता. ती थांबली आणि मग त्याचा सोलो आला. शेजारच्या गृहस्थांनी तोवर हातातला फोन खिशात ठेवला होता.