'सायन्स घेऊन ठेवू, दारं उघडी राहतात' हे खरंच आहे का?

पाटीपेन्सिल
दहावीचा निकाल लागला की हे वाक्य ऐकू येतंच. परवा माझ्या बहिणीकडेही ऐकलं. भाचीला ८१ टक्के पडले. शिलाई मशीन अडलं की बॉबिन केस सोडवून, साफ करून परत बसवणारी पोरगी. तिला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय. घरचे म्हणतात, अकरावी सायन्स घे, पुढचं पुढे बघू.

मी साधी बेरीज मांडली. डिप्लोमाची ३ वर्षं आणि डायरेक्ट सेकंड इयरला गेली तर डिग्रीची ३, म्हणजे ६. अकरावी-बारावीची २ आणि इंजिनिअरिंगची ४, तेही ६च. मग वाया काय जातं? पहिल्या रस्त्यावर तीन वर्षांनी हातात असा कागद येतो की तो दाखवून नोकरी मागता येते. दुसऱ्यावर दोन वर्षांनी येतो सीईटीचा स्कोअर, जो फक्त पुढच्या प्रवेशाला चालतो.

डॉक्टरकीचं दार डिप्लोमाला बंद होतं, मान्य. पण २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्या दाराशी किती गर्दी आहे तेही बघा की! आणि आयटीआय तर आपण नापासांसाठीच राखून ठेवलंय. माझ्या मते पंधराव्या वर्षी 'नंतर ठरवू' म्हणणं हाच सगळ्यात महागडा निर्णय आहे.

शून्यलंबन
असहमत, आणि हे अनुभवाचे बोल आहेत. मी डिप्लोमाहून डायरेक्ट सेकंड इयरला गेलो. एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, पहिल्याच आठवड्यात लाप्लास नावाचं अवघड प्रकरण. सरांनी एक इंटिग्रेशन अर्ध्यावर सोडलं आणि 'हे तुम्हाला फर्स्ट इयरला झालंय' म्हणत फळा पुसला. बाकीच्यांना झालं होतं, आम्हा डिप्लोमावाल्यांना नव्हतं. मागच्या बाकावर आम्ही सातजण एकमेकांच्या वह्या बघत बसलो, सातही कोऱ्या. एम-थ्रीची केटी, म्हणजे नापास विषय पुन्हा देणं, दोनदा लागली. तुमच्या बेरजेतली ६ माझ्या बाबतीत ७ झाली.

वर्कशॉप आणि ड्रॉइंगला मात्र आम्हीच पुढे होतो, ते नाकारत नाही. पण कुणी गणिताचं आधी सांगितलं असतं तर सुट्टीत तयारी केली असती.

आडवाट
आयटीआयचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःचं मूल तिथे घातलंय? हात वर करा, मोजू.

'हाताला काम हवं' हे नेहमी दुसऱ्याच्या पोराबद्दल बोललं जातं. पंधराव्या वर्षी कोण फिटर होणार आणि कोण इंजिनिअर, हे मुलाचा कल ठरवत नाही, बापाचा खिसा ठरवतो. आणि आयटीआय झाल्यावर काय? अप्रेंटिस. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. शिकाऊ काळ संपल्यावर मालकानं नोकरी दिलीच पाहिजे अशी सक्ती त्यात नाही. माझा मावसभाऊ वर्षभर एका कारखान्यात राबला, पुढच्या वर्षी त्याच मशीनवर नवा शिकाऊ पोरगा उभा. बारावी सायन्स निदान दोन वर्षं विचार करायला देते. गरिबाच्या पोराला तेवढी चैन का नको?

कानसफाईल
(आयडी बघून हसू नका, कानस म्हणजेच फाईल, माझं निम्मं आयुष्य तिच्यासोबत गेलंय.)

आडवाट, माझा हात वर आहे. मुलाला नाही घातलं, पण मी स्वतः तिथलाच. फिटर ट्रेड, दोन वर्षं. पहिले कित्येक दिवस एकच काम: लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या पकडीत, धरायचा आणि कानस मारत बसायचं. मग ट्रायस्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं पातं, लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत कानस. तळहाताला फोड, वैताग, सगळं झालं. एक दिवस उजेड दिसायचा बंद झाला. दहावीत गणिताला ४२ होते मला. अचूक म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पुढे दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. हा रस्ता आहे हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. मावसभावाचं जे सांगितलंत ते मात्र शंभर टक्के खरं. माझ्या बॅचचे निम्मे असेच ब्रेक घेत फिरले. पण तो दोष कारखान्यांचा, ट्रेडचा नव्हे.

फळ्यामागून
अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. आडवाट म्हणतात तो 'दोन वर्षांचा विचार' करताना मी एकही मूल पाहिलेलं नाही. पटावर ८० नावं, बाकांवर बारा जण. बाकीची सकाळपासून क्लासला. प्रॅक्टिकलला उगवतात आणि ब्युरेटला हात न लावता शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतात, तेही ०.१नं बदलून, म्हणजे संशय नको! विचार करायला वेळ मिळाला असता तर मीच म्हटलं असतं, घ्या सायन्स.

आणि एक तक्रार. एवढ्या धाग्यात आर्ट्स-कॉमर्सचं नावही नाही. सीए करणाऱ्याची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, २०२३ पासून तीनची दोन वर्षं झाली, हे किती पालकांना ठाऊक आहे?

पाटीपेन्सिल
कॉमर्सचं राहिलंच, कान पकडतो. शून्यलंबन, गणिताचा मुद्दा लागला. मी सहा वर्षांची बेरीज केली आणि मधली फट धरलीच नाही. डिप्लोमा घेतलाच तर शेवटच्या वर्षापासून फर्स्ट इयरचं गणित घरी करायचं, असं भाचीशी बोललोय.

तिला सगळा धागा वाचायला दिला. तिनं कानसफाईल यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि ट्रायस्क्वेअर कसा दिसतो ते मोबाईलवर शोधलं. बहीण अजून तयार नाही. ती विचारतेय, वर्कशॉपमध्ये मुली असतात का?

कानसफाईल
आमच्या बॅचला दोन होत्या, ताईंना सांगा. त्यातल्या एकीच्या पात्याखालचा उजेड माझ्या चार दिवस आधी बंद झाला होता.