कोल्हापूर जिल्ह्यातनं निर्यात वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं? दोन पानं लिहून द्यायची आहेत

करवीरचा_गडी:
नमस्कार मंडळी. आमची करवीर-पन्हाळ्याच्या मधल्या पट्ट्यात छोटी शेतकरी उत्पादक कंपनी हाय, सभासद बहुतेक सगळे ऊसवाले. जिल्ह्याचा निर्यात आराखडा नव्यानं करायचं चाललंय, त्या बैठकीला आम्हाला बोलवलंय आणि येताना दोन पानी सूचना लिहून आणा म्हणालेत. २०१९ च्या १५ ऑगस्टच्या भाषणात पंतप्रधान म्हणाले की प्रत्येक जिल्हा निर्यातीचं केंद्र झाला पाहिजे, तेव्हापासून ही जिल्हा निर्यात समिती हाय, जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, एवढं मला माहिती हाय.

आत्तापर्यंत लिहून झालंय ते असं: गूळ, चप्पल, कांदा-लसूण मसाला, आजरा घनसाळ तांदूळ, चंदगडचा काजू, साखर. आणि वाचून मलाच वाटालंय की ही निर्यातीची योजना न्हाई, पुण्याच्या पाहुण्यांना जाताना द्यायच्या पिशवीतली यादी हाय.

आमच्या कंपनीचा आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) काढून दोन वर्षं झाली, त्याच्यावर आजपर्यंत एक किलो माल गेला न्हाई. ज्यांनी खरंच काय पाठवलंय त्यांनी सांगा की नेमकं कुठं अडतंय. यूट्यूबवरचे व्हिडिओ टाकू नका, सगळे बघून झालेत.

तांबडा_रस्सा:
पिशवीत पांढरा रस्सा राहिला की भावा 😄
खरं सांगायचं तर साखर काढून टाक त्यातनं. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात केंद्रानं हातात ठेवलीय, कोटा आला तर जाणार न्हाईतर न्हाई. २०२४-२५ च्या हंगामाला १० लाख टनाची परवानगी दिली ती सुद्धा अख्ख्या देशाला मिळून, आणि ती कळली जानेवारीत, निम्मा हंगाम झाल्यावर. जिल्ह्याच्या आराखड्यात साखर लिहून काय करणार, बैठकीत सगळ्यांनी दिल्लीकडं तोंड करून बसायचं?

चुलवाण_पेटलंय:
गुळाचं मी सांगतो. आमचं घरचं गुऱ्हाळ हाय, आजोबांच्या काळापासनं.

चार वर्षांमागं एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं मुंबईच्या एका निर्यातदाराला सँपल दिलतं. मस्त पिवळाधमक गूळ, अडत दुकानात ठेवला तर पहिल्या बोलीला जाईल असा. आठ दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला, सल्फर डायऑक्साइड जास्त. आता ते कुठनं आलं हे काय मला माहिती नव्हतं का, हायड्रॉस (रंग उजळायची गंधकाची पावडर) टाकलीती की काहिलीत. आपल्याकडं अन्नसुरक्षेच्या नियमात गुळाला ७० पीपीएमपर्यंत चालतंय, युरोपात १० च्या वर गेलं की लेबलवर सल्फाइट हाय असं छापावं लागतंय, आणि एकदा ते छापलं की सेंद्रिय-नैसर्गिक म्हणून विकायचा विषयच संपला, मग तिकडचा दुकानदार कशाला घेईल, त्याला पांढरी साखर स्वस्तात मिळतीया.

तुम्ही म्हणशीला हायड्रॉस टाकू नको. बरोबर हाय. पुढच्या हंगामात न्हाई टाकली, भेंडीच्या चिकावर मळी काढली, गुळव्या (गूळ करणारा कारागीर) लई कुरकुरला खरं केलं त्यानं. गूळ आला तांबूस-काळपट. चवीला पहिल्यापेक्षा भारी. मार्केट यार्डात नेला तर सौद्यात सगळ्यात शेवटी बोली आणि भाव पिवळ्यापेक्षा पडका. म्हणजे बघा, जो गूळ भायेर चालतोय तो इथं चालत न्हाई आणि जो इथं चालतोय तो भायेर चालत न्हाई. मुंबईवाल्यानं त्या वर्षी फोनच उचलला न्हाई, त्याला दुसरीकडनं माल मिळालता. तो काळा गूळ मी गल्लीत आणि पाहुण्यारावळ्यांत वाटून-विकून संपवला.

म्हणून तुझ्या दोन पानात हे लिही की गुऱ्हाळवाला दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा राहू शकत न्हाई. बिनहायड्रॉसच्या गुळाचा वेगळा सौदा निघाला पाहिजे, रंगावर न्हाई तर रिपोर्टावर भाव. ते झालं तर बाकीचं आपोआप होतंय असं मी म्हणत न्हाई, खरं ते झाल्याशिवाय काय पण होत न्हाई. १८९५ ला शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, तेव्हा अडचण माल विकायला जागा न्हाई ही होती. आता जागा हाय, परीक्षा चुकीची घेतली जातीया.

आणि जीआयचं (मालाच्या मूळ जागेच्या नावाची सरकारी नोंद) म्हणाल तर कोल्हापुरी गुळाला २०१४ लाच मिळालाय. तरी बाहेरनं आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून खपतोयच, दरवर्षी ओरड होतीया आणि हंगाम संपला की ओरड पण संपतीया.

शिरोली_एमआयडीसी:
शेतकरी मंडळींनी राग मानू नये पण जिल्ह्याची निर्यात म्हटलं की गूळ आणि चप्पलच का आठवते? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित एमआयडीसीमधनं कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) जातंय, इचलकरंजीचं कापड जातंय. फरक एवढाच की आमचं कास्टिंग इथनं पुण्याला जातं, तिथं मशिनमध्ये बसतं आणि मशीन परदेशात जातं. निर्यात लागते पुण्याच्या खात्यावर.

हेच तुमच्या गुळाचंही होत असणार. फेब्रुवारी २०२० पासून शिपिंग बिलात (निर्यातीच्या कस्टमच्या कागदात) मालाचा मूळ जिल्हा आणि राज्य भरणं सक्तीचं आहे. आता जो मुंबईत बसून चार जिल्ह्यांतनं माल गोळा करतो तो तिथं काय भरतो हे कोण बघतं? त्या आकड्यांवरच आराखडा होणार असेल तर आधीच पाया वाकडा. दोन पानात पहिली ओळ हीच लिहा असं माझं म्हणणं. नवीन काय पाठवायचं ते नंतर, आत्ता काय जातंय आणि कोणाच्या नावानं जातंय ते आधी मोजा.

करवीरचा_गडी:
@शिरोली हे डोक्यातच आलं नव्हतं राव. आमच्या गावातला एक जण दरवर्षी गुजरातच्या पार्टीला गूळ घालतोय आणि तो पुढं लंडनला जातोय असं अभिमानानं सांगतोय. म्हणजे लंडनला गेलेला गूळ कागदावर कुठला असेल देव जाणे.
@चुलवाण काका, रिपोर्टावर भाव द्यायचा म्हटलं तर रिपोर्ट काढायचा खर्च कोण करणार? प्रत्येक आदणाचा (काहिलीतल्या एका खेपेचा) रिपोर्ट काढायचा म्हटलं तर गुळापेक्षा कागद महाग पडंल.

न्हावाशेवा_रिटर्न:
मी बरीच वर्षं कस्टम क्लिअरिंगमध्ये होतो, आता गडहिंग्लजला घरी आलोय, त्यामुळं दोन गोष्टी.

कागदपत्रांची भीती घालून कोर्स विकणारे लई झालेत, त्यांच्या नादाला लागू नका. आयईसीची फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये बदल नसला तरी पोर्टलवर जाऊन कन्फर्म करायचा असतो, न्हाई केला तर तो बंद पडतो. तुमचा दोन वर्षं नुसता पडून आहे म्हणताय तर आजच्या आज चेक करा, पैज लावतो बंद असणार. मग अपेडा ह्या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं आरसीएमसी (नोंदणीचा दाखला), खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचं सेंट्रल लायसन (राज्याचं चालत न्हाई, इथं बरेच जण फसतात), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा बँकेचा नंबर) बंदरावर नोंदवायचा, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता माल पाठवायचं हमीपत्र). हे सगळं महिन्याभरात होतं. ह्याच्यात कुणी अडत न्हाई.

अडतं ते लॉटमध्ये. हिशोब करा. वीस फुटी कंटेनर म्हणजे वीसेक टन गूळ. एक गुऱ्हाळ दिवसाला टनभर काढतंय धरलं तर एका गुऱ्हाळाचा वीस दिवसांचा माल, न्हाईतर वीस गुऱ्हाळांचा एका दिवसाचा. वीस गुऱ्हाळं म्हणजे वीस गुळवे, वीस तऱ्हेचा ऊस, कुणी चुलवाणात चिपाडाबरोबर टायर सुद्धा घालतंय (बघितलंय मी, न्हाई म्हणू नका). आणि सँपल मात्र सगळ्यात चांगल्या गुऱ्हाळाचं गेलेलं असतं. माल तिकडं उतरल्यावर तिसऱ्या पेटीत वेगळा रंग, सातव्या पेटीत बगॅसचं कूस, की झालं. पैसे अडकतात, आणि पहिल्या ऑर्डरला उधारीवर माल सोडला असला तर विसराच. निदान ईसीजीसी ह्या सरकारी कंपनीचा निर्यात-विमा घ्या, पहिल्यांदा ॲडव्हान्सशिवाय हलू नका.

त्यामुळं प्रत्येक आदणाचा रिपोर्ट काढू नका. पाच गुऱ्हाळं निवडा, पाचच. त्यांची पद्धत एक करा, प्रत्येक आदणाला नंबर, वहीत तारीख-गट नंबर-ऊस कुणाचा ते लिहायचं, आणि मिसळून केलेल्या लॉटचा एक रिपोर्ट. फेल गेला तर वहीवरनं चोर सापडतोय. कोल्हापुरात ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे, कुठल्या जातीचा गूळ टिकाऊ येतोय ते तिथं जाऊन विचारा, फुकट सल्ला मिळतोय तर घ्या. पॅकिंगच्या मशिनरीला पीएमएफएमई ह्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, आणि आपल्या जिल्ह्याला त्यात गूळच दिलाय.

पावसाळ्यात मात्र पाठवू नका. गुळाला पाणी सुटतंय. एकदा एकाचा कंटेनर जुलैत न्हावाशेवाला रांगेत थांबला, आपल्याकडनं बंदर चारशे किलोमीटरच्या घरात, तिथवर नीट गेला आणि तिथंच वितळाय लागला. वास अजून आठवतोय, वाईट नव्हता खरं म्हणजे.

पायताण:
चपलेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमचं घराणं कापशी चपलांचं, मी ऑनलाइन ऑर्डर बघते.

जून २०२५ ला प्राडा ह्या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या चपला दिसल्या आणि सगळ्यांना एकदम कोल्हापुरीचा अभिमान आला, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत लोक दीडशेला मागत होते. डिसेंबरात प्राडाचा लिडकॉम (महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ) आणि कर्नाटकच्या लिडकरबरोबर करार झाला, दोन हजार जोड, एक जोड साधारण ८०० युरोला असं बातम्यांत होतं. चांगलंच आहे. जीआय २०१९ चा आहे आणि तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा मिळून आहे, हे पण कुणाला माहीत नसतं, आपल्याला वाटतं एकट्या कोल्हापूरचा. जीआयचा शिक्का लावायचा तर कारागिरानं स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, ती किती जणांनी केलीय ते बैठकीत विचारा.

आमची खरी अडचण ऐका. डाव्या-उजव्या पायाचा रंग. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं प्रत्येक तुकड्याला वेगळं रंगतं, आपल्याला ते सुंदर दिसतं, तिकडच्या गिऱ्हाइकाला तो डिफेक्ट वाटतो आणि फोटो काढून पाठवतो. आणि मापं. आपल्याकडं आठ म्हणजे आठ, तिकडं युरोपियन ४२, आणि आमचे काका अजून कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारतात. मी त्यांना म्हटलं काका फर्मे (पायाच्या मापाचे साचे) करून घेऊ, तर म्हणाले पायताण घातल्यावर पायाचं होतंय, कारखान्यात होत न्हाई. बरोबरच आहे त्यांचं, पण हे जर्मनीच्या बाईला इंग्रजीत कसं लिहू?

कंटेनर वगैरे आमच्या कामाचं नाही. आमचं चालतं ते पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातनं, दोन-चार जोडांचं पार्सल घरबसल्या पोस्टल बिल भरून जातं, कस्टमसाठी मुंबईला जावं लागत नाही. आराखड्यात एवढं एक लिहा की तालुक्याच्या पोस्टात हे समजणारा एक तरी माणूस असू दे. मला पहिल्यांदा काउंटरवर विचारलं होतं, "चपला परदेशात पाठवताय? तिकडं मिळत न्हाईत व्हय?"

तांबडा_रस्सा:
ताई, हे जर्मनीच्या बाईला मराठीतच पाठवा, फ्रेम करून लावंल ती 😂
आणि गड्या, घनसाळ पण काढ. जीआय हाय २०१६ चा, वास काय भारी, खरं पिकतंय थोडं आणि पुण्या-मुंबईतच हातोहात जातंय. जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद केली, सप्टेंबर २०२४ ला परत उघडली. तेवढा धक्का आजऱ्याच्या शेतकऱ्याला कशाला. मसाल्याला तर इथिलीन ऑक्साइडच्या (जंतू मारायचं रसायन) भानगडीनंतर २०२४ पासून टेस्टिंगचा वेगळाच ताप हाय, घरगुती कांडपवाल्यांना झेपायचं न्हाई ते.

चुलवाण_पेटलंय:
@न्हावाशेवा टायरचं लिहिलंसा ते बरं केलंसा. आमच्यात न्हाई घालत, खरं शेजारी घालत्यात आणि वास आमच्या काहिलीवर येतोय.
पाच गुऱ्हाळांचं जमतंय मला. माझं एक धरा. वही मात्र पोरीला लिहायला लावतो, गुळव्याचं अक्षर लॅबवाल्याला काय, त्याला स्वतःला लागत न्हाई.

करवीरचा_गडी:
आयईसी बघितला. बंद हाय. 🙏 न्हावाशेवा काका, पैज जिंकलासा.

यादी फाडली. आता दोन पानं अशी होत्यात: एक, जिल्ह्यातनं आत्ता काय जातंय ते शिपिंग बिलातल्या मूळ जिल्ह्यावरनं आणि इथल्या व्यापाऱ्यांना विचारून मोजा. दोन, यार्डात आठवड्यातनं एक दिवस बिनहायड्रॉस गुळाचा रिपोर्टावर सौदा. तीन, पाच गुऱ्हाळांचा एक लॉट ह्याच हंगामात, पावसाच्या आत. चार, पोस्टात माणूस (ताईंचं वाक्य जसंच्या तसं घालतोय, नाव न टाकता). साखर, घनसाळ, मसाला काढला. कास्टिंगचं शिरोलीवाल्यांनी स्वतः येऊन बोलावं, मला त्यातलं कळत न्हाई.

काजूचं राहिलं. चंदगडचं कोण हाय का इथं? आपल्याकडचे कारखाने कच्चा काजू आफ्रिकेतनं पण आणतात म्हणं, मग तो चंदगडचा म्हणून लिहायचा का कसं?

चंदगडी:
हाय की मी. रात्री लिहितो सविस्तर, आत्ता बोंडं गोळा करायला चाललोय. तोवर काजू पण काढून ठेव यादीतनं.