संशोधकाचा प्रभाव कशावरून ठरवावा? नड्सन यांच्या चार पानांच्या निमित्ताने

धागालेखक:
कर्करोग संशोधकाची ओळख करून देताना इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स (इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ), इतका एच-निर्देशांक (निबंधांची संख्या आणि त्यांची सायटेशन्स एकत्र धरून काढलेला आकडा) अशी जंत्री वाचण्याची पद्धत इतकी रुळली आहे, की त्याने नेमके काय शोधून काढले हे विचारायचेच राहून जाते. नेमणूक किंवा निधी ठरवणाऱ्या समितीसमोर हे आकडे ठेवूच नयेत, असे माझे मत आहे.

अमेरिकी कर्करोग संशोधक आल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचे निदान एकाच डोळ्यात गाठ असलेल्यांपेक्षा लवकर झालेले होते. कोणत्या वयाला किती मुलांचे निदान व्हायचे बाकी आहे, हे प्रमाण त्यांनी लॉगरिदमिक आलेखावर मांडले, तेव्हा पहिल्या गटाची रेषा सरळ उतरली आणि दुसऱ्या गटाची वळत गेली. सरळ रेषेचा अर्थ गाठ होण्यास एकच घटना, म्हणजे जनुकातील एकच बदल (उत्परिवर्तन), पुरेशी आहे, वळणाऱ्या रेषेचा अर्थ अशा दोन घटना लागतात. म्हणजेच पहिल्या गटातील मुले एक उत्परिवर्तन जन्मतःच घेऊन आलेली असतात. नवा प्रयोग न करता, केवळ नोंदी आणि गणित यांच्या बळावर लिहिलेला हा निबंध चार पानांचा आहे, आणि ट्यूमर सप्रेसर जनुकांचा, म्हणजे पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या जनुकांचा, सारा विचार त्यावर उभा आहे. पानांची आणि निबंधांची मोजदाद इथे काय सांगणार?

प्रतिसाद १:
आपले उदाहरण आपल्याच म्हणण्याच्या विरोधात जाते. या निबंधाचा आधार हजारो संशोधकांनी घेतला आहे, त्यामुळे सायटेशन मोजणाऱ्या कोणाच्याही नजरेतून तो सुटणार नाही. शिवाय आकडे बाजूला सारले, की समितीच्या हाती उरतात ती शिफारसपत्रे आणि ओळखीपाळखी. नामवंत प्रयोगशाळेचा शिक्का नसलेल्या आणि पाठीशी कोणीही नसलेल्या तरुण संशोधकाला आपले काम दाखवण्यासाठी हाच एक पुरावा असतो, आणि तो काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

धागालेखक:
हजारोंचा आकडा आज दिसतो, समितीला मात्र निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. ज्यातील बिघाडाने रेटिनोब्लास्टोमा होतो ते आरबी जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९८६ साल उजाडले. पेटन राउस यांनी कोंबड्यांतील अर्बुद विषाणूमुळे होते हे १९११ साली दाखवले, आणि नोबेल मिळाले ते १९६६ साली. शिवाय खोर्खे हिर्श यांनी २००५ साली सुचवलेल्या एच-निर्देशांकात, प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झालेले २० निबंध असतील तर २० गुण मिळतात, पण हजारो वेळा उद्धृत झालेला एकच निबंध असेल तर फक्त १. हे माप सातत्याचे आहे, प्रभावाचे नव्हे.

प्रतिसाद २:
एच-निर्देशांकाबाबत मी धागालेखकांशी सहमत आहे, परंतु प्रभाव म्हणजे केवळ नवा शोध, हे मला पटत नाही. हॅनाहन आणि वाइनबर्ग यांचा २००० सालचा कर्करोगाच्या लक्षणांवरील लेख हा आढावा लेख आहे. त्यातील निष्कर्ष बहुतांशी इतरांचेच. तरीही विखुरलेली माहिती एका चौकटीत बसवून त्यांनी या विषयाला विचाराची भाषा दिली, आणि त्या लेखाची प्रचंड सायटेशन्स मला रास्त वाटतात.

प्रतिसाद ३:
सायटेशन म्हणजे खरेपणाची पावती नव्हे, हा मुद्दा मात्र कोणीच घेतलेला नाही. ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ५३ महत्त्वाचे निबंध पुन्हा तपासून पाहिले आणि त्यांतील केवळ ६ निबंधांचे निष्कर्ष टिकले, असे बेगली आणि एलिस यांनी २०१२ साली लिहिले. न टिकलेल्या निष्कर्षांवर इतरांनी पुढचे काम रचले, आणि कर्करोगाच्या बाबतीत त्याची झळ अखेर रुग्णाला बसते.

प्रतिसाद १:
ही चिंता मलाही आहे, पण ५३ पैकी ६ हे कळले तेसुद्धा कोणी मोजायला बसले म्हणूनच. संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यावरून) माणूस जोखू नका असे सांगितले. सर्वच आकड्यांवर त्याने बंदी घातलेली नाही. उमेदवाराने आपले निवडक पाच निबंध द्यावेत, बहुलेखकी निबंधात आपला वाटा कोणता हे लिहावे, त्यांपैकी कोणता निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळला गेला हे नोंदवावे, आणि सायटेशन्सचा आकडा त्याखाली खुशाल असू द्यावा. समितीने ते पाचही निबंध वाचले नाहीत, तर तो दोष आकड्यांच्या माथी मारता येणार नाही.