मदत हवी आहे: आठवी-दहावीच्या मुलांसोबत टाकाऊतून टिकाऊ, पण घरात खरंच वापरता येईल असं

मंडळी, आमच्या सोसायटीतली आठवी ते दहावीची दहा-बारा मुलंमुली हाताशी घेऊन दिवाळीआधी घरसजावटीच्या वस्तू करायला बसवलीयेत. अट एकच: सुईदोरा, फेव्हिकॉल आणि रंग सोडून काही विकत आणायचं नाही.

वस्तू सुचत नाहीत असं नाही, अडचण वयाची आहे. बाटलीला सुतळी गुंडाळून टिकल्या चिकटवायला सांगितल्या की सरळ ऐकवतात, "काकू, हे आम्ही तिसरीत केलंय." मला ते पटतंही. असल्या वस्तू चार दिवस शोकेसमध्ये, मग माळ्यावर. नुसती काचेची बाटली भंगारवाल्याने घेतली तरी असती. चमकी-गोंद थापलेली घेताना तोही नाक मुरडतो. थर्माकोलच्या मखराचा विषय तर काढूच नका, सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

म्हणून काय करायचं ते मुलांनाच ठरवू दिलं. तीन गोष्टी निघाल्या आणि तिन्हीत अडलोय.

जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची वेणी घालून गोल पायपुसणं करतोय. ताटाएवढं होईपर्यंत छान होतं, पुढे कडा वर उचलल्या जाऊन त्याची परडी होते. एकाने डोक्यावर घालून टोपी म्हणून फोटोही काढला. दुसरं, कागदाच्या लगद्याची लॅम्पशेड. वरून वाळली, पण आत ओल राहून बुरशी आली आणि वास सुटला. तिसरं, जीन्सचे खिसे शिवून भिंतीवर टांगायचं, चार्जर-इअरफोन ठेवायला. मशीनच्या सुया तुटताहेत.

कुणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद

वेणी हातात धरून शिवताय ना? जमिनीवर सपाट पसरून शिवा. बाहेरच्या फेऱ्याचा घेर आतल्यापेक्षा मोठा, त्यामुळे वळणावर बाहेरच्या वेणीला ढील द्यावी लागते. आतल्या वेणीचा प्रत्येक पेड सुईत घ्या, बाहेरच्या वेणीचा मात्र मधूनमधून एक पेड सोडा. मधल्या लहान फेऱ्यांत जास्त वेळा सोडायचा, घेर वाढेल तसं कमी. याउलट कडेला झालरीसारख्या लाटा आल्या तर ढील जास्त झाली. परडी झालेला भाग इस्त्रीने बसत नाही, जिथून उचललाय तिथपर्यंत उसवा. आणि तिन्ही पट्ट्या कमी-जास्त लांबीच्या घ्या, म्हणजे जोड एकाच जागी येऊन गाठ फुगणार नाही.

साड्या सुतीच घ्या हो. मुलांना सिंथेटिकची चमक आवडते, पण ती पाणी शोषत नाही आणि गुळगुळीत फरशीवर सरकते. घरात आजी-आजोबा असतील तर नकोच.

प्रतिसाद

लगदा जाड थापलाय. आमच्याकडे लगद्याच्या टोपल्या करायच्या त्यात मेथ्या भिजवून वाटून घालत. चिकटपणाही येतो आणि कीडही लागत नाही. लगदा घट्ट पिळून घ्या, उपड्या पातेल्यावर जुनं ओलं फडकं पसरून पातळ थर द्या, तो खडखडीत वाळला की मगच दुसरा. ऑक्टोबरच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग! खळीत मोरचूद घालायचा सल्ला कुणी देईल. विषारी असतं, मुलांच्या हातात देऊ नका. बुरशी आलेली शेड टाकून द्या, वर रंग मारून झाकू नका. आत कमी वॉटचा एलईडीच लावा आणि तो कागदाला टेकू देऊ नका. जुना पिवळा बल्ब फार तापतो.

प्रतिसाद

१६ नंबरची सुई लावा. खिसा उसवून काढू नका, मागच्या कापडासकट चौकोन कापा. पॅन्टच्या बाजूची दुहेरी शिवण आली की मशीनच्या पायडलवरचा पाय काढून हाताने चाक फिरवायचं. पितळी बटणं आणि रिव्हेट (खिशाच्या कोपऱ्यातल्या धातूच्या टिकल्या) आधी कापून टाका, सुया त्यांच्यावरच मोडतात.

प्रतिसाद

माझं मत वेगळं. पायपुसणं नि लॅम्पशेड ही आयांची आवड वाटते. चार्जरचा खिसा मुलांना स्वतःला हवाय, तोच आधी तडीस न्या. बाकीचं मागाहून मागतील. आणि दहावीवाल्यांना क्लासमधून वेळ कधी मिळणार?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. वेणी हातात धरूनच शिवत होतो, आजच उसवायला घेतलं. मेथ्यांचं आईला विचारलं तर म्हणाली, "मग मी काय सांगत होते!"

शेवटच्या प्रतिसादाबद्दल: पायपुसणं मुलांनीच निवडलंय, आणि सगळ्यात मन लावून वेणी घालतोय तो नववीतला मुलगा आहे. पण खिसे आधी संपवायचे हे मान्य. दहावीवाले रविवारी दुपारीच येतात, तेही अर्धे.

अजून एक: एवढं जड जीन्सचं कापड टांगलं की मधे झोळ पडतो. वर पडद्याचा जुना दांडा ओवावा की मागून पुठ्ठा लावावा? भिंत भाड्याच्या घराची आहे, ड्रिल करता येत नाही.